मास्तरांचा डावा हात

मास्तरांना अनोळखी माणसाच्या बाहीला हात लावायची खोड होती. बसमध्ये शेजारी कुणी बसलं, दुकानात रांगेत पुढे कुणी उभं राहिलं, की यांचा डावा हात हळूच पुढे सरकायचा आणि त्या माणसाच्या कोटाची कड अंगठा नि तर्जनीत धरून दोनदा चोळायचा. मग स्वतःशीच मान हलवायची, कधी पसंतीची, बहुतेक वेळा नापसंतीची. एकदा एका धिप्पाड गृहस्थाने त्यांची कॉलरच धरली होती. मास्तर घाबरायचं सोडून त्याला सांगत सुटले की दोन धुण्यांत या कापडावर गोळे येणार, दुकानदाराने तुम्हाला चक्क टोपी घातली. त्या गृहस्थाने कॉलर सोडली आणि दुकानदाराला शिव्या देत तो पुढच्या थांब्यावर उतरून गेला.

बायकोची नि त्यांची ओळखही अशीच झाली. ती मास्तरांच्याच तयार कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाच्या टेबलावर होती. सगळे तिला काजवाली म्हणत, आणि ते नाव इतकं चिकटलं की लग्नानंतर मास्तरही घरात तेच म्हणू लागले. जेवणाच्या सुट्टीत नळावर हात धुताना या माणसाने तिच्या कोऱ्या ड्रेसची बाही दोन बोटांत धरली आणि म्हणाला, सुती म्हणून दिलंय ना, यात भेसळ आहे. काजवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पुढे ड्रेस धुतला तर तो जराही आटला नाही आणि वाळलाही चटकन. म्हणजे भेसळ होती. आता राग दुकानदाराचा धरायचा की या आगाऊ माणसाचा, हे ठरवता ठरवता तिचं लग्न झालं.

मास्तर म्हणजे कटिंग मास्तर. कापडाचे थरावर थर रचायचे, वर कागदी नमुना ठेवायचा आणि तो अख्खा गठ्ठा फिरत्या पात्यापुढे हळूहळू वळवत न्यायचा. बघणाऱ्याला वाटतं, काम उजव्या हाताचं. उजवा हात ढकलतो, एवढंच. कुठला थर सरकला, कुठे खाली चुणी राहिली, कुठे कापड ताणलं गेलं, हे सगळं डाव्या हाताच्या बोटांना कळतं, आणि त्यांना जे कळत नाही ते थेट गिऱ्हाइकाच्या अंगावर गेल्यावर कळतं. मास्तरांच्या हाताखालून गेलेली बाही कधी दुसऱ्या बाहीपेक्षा लांब निघाली नाही. स्वभावाने माणूस तिरसट होता, चहात साखर कमी पडली तरी दिवसभर तोंड फुगवून बसायचा; पण कापडाच्या बाबतीत देवमाणूस.

त्या डाव्या हातात पोलादी जाळीचा हातमोजा घालायचा, असा नियम होता. मास्तर घालतही. पण अस्तराचं निसरडं कापड आलं की जाळीच्या कड्यांत त्याचे धागे अडकतात, आणि मुख्य म्हणजे मोज्यातून काही कळत नाही. त्या दिवशी गठ्ठ्यात मधेच चुणी असल्याचा त्यांना संशय आला. त्यांनी मोजा काढला आणि चुणी शोधायला बोटं आत घातली. मशीन बंद करायला हवं होतं. नवशिक्यांना शंभरदा सांगितलेली गोष्ट ते स्वतःच विसरले. चुणी होती, संशय खरा होता. तर्जनी मधल्या पेरापासून गेली, मधल्या बोटाचं टोक गेलं आणि अंगठ्याचा मऊ भाग सोलून निघाला. डॉक्टरांनी अंगठ्यावर दंडाची कातडी आणून शिवली. शिलाई सुबक होती, असं मास्तरांनीच शुद्धीवर आल्यावर सांगितलं.

पुढचे काही महिने घरात भाषेचीच पंचाईत झाली. जरा हात द्या, हे काम हातावेगळं करा, हातासरशी तेवढं बघा, असं काहीही तोंडातून निघालं की काजवाली जीभ चावायची. मास्तर मात्र मुद्दाम तसंच बोलायचे आणि तिचा चेहरा पाहून हसायचे. बाहीची खोड तेवढी गेली. बसमध्ये शेजारी कुणीही बसो, मास्तरांचा डावा हात खिशात. थोटकं बोट लोकांना दाखवायची लाज वाटते, असं काजवाली धरून चालली आणि तिने विषय काढला नाही.

बटणांचा प्रश्न मात्र आला. पट्टी निघाली तरी शर्टाची बटणं लागेनात. काजवालीने सुचवलं, काजं काढून टिचबटणं लावते, दाबलं की लागलं. मास्तर भडकले. लहान बाळाच्या झबल्याला असतात तसली बटणं लावून मी बाहेर पडू का, म्हणाले. मग ती रोज सकाळी त्यांच्यासमोर उभी राहून बटणं लावू लागली. मास्तर मान वर करून छताकडे बघत उभे राहायचे. एवढ्या वर्षांच्या संसारात दिवसाउजेडी, इतक्या जवळ, रोज उठून उभं राहणं कधी झालंच नव्हतं. पूर्वी सकाळी दोघांनाही कारखाना गाठायचा असायचा. शेवटचं बटण लावून झालं की ती त्यांच्या छातीवर हलकी चापट मारायची, गिऱ्हाइकाचा माल तपासून पुढे ढकलावा तशी. तिला त्या चापटीची सवय लागली, आणि खरं सांगायचं तर दिवसातलं तेवढंच काम तिला मनापासून आवडायचं.

अपघाताच्या भरपाईचं प्रकरण तोवर पुढे सरकलं होतं. मोजा काढला होता म्हणून कंपनीने आधी खळखळ केली, पण कायदा कामगाराच्या बाजूने होता. चूक कुणाचीही असो, कामावर गेलेल्या बोटाची भरपाई द्यायचीच. प्रश्न एवढाच की हात किती टक्के गेला. वीस टक्के किंवा जास्त ठरले तर दरमहा भत्ता, तोही आयुष्यभर. कमी ठरले तर एकदाच काय ती रक्कम, आणि कंपनी देईल ते हलकं काम मुकाट्याने घ्यायचं. कंपनीच्या डॉक्टरने हाताचं चित्र समोर ठेवून किती पेरं गेली ते मोजलं आणि अठरा लिहून दिले.

हलकं काम फाटकावरचं होतं. सुट्टी झाली की बाहेर पडणाऱ्या बायकांच्या पिशव्या उघडून, कुणी कापड चोरून नेत नाही ना, ते बघायचं. मास्तरांनी हे ऐकलं आणि दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ज्या बायका मला मास्तर म्हणतात, त्यांच्या डब्यात मी चिंध्या शोधू?" डोळे खराब झाले म्हणून काजवालीने कारखाना आधीच सोडला होता. घरी शिवणाचं थोडं काम ती करायची, पण तेवढ्यावर घर चालणारं नव्हतं. भत्ता नाही मिळाला तर मास्तरांना फाटकावर उभं राहणं भाग होतं, आणि फाटकावर हा माणूस वर्षभरही टिकणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

युनियनच्या भाऊंनी फेरतपासणीचा अर्ज करून दिला. भाऊ म्हणजे सगळ्यांच्या अडचणीला धावून जाणारा, पण सल्ले देण्याची फार हौस असलेला माणूस. त्यांनी घरी येऊन मास्तरांची शिकवणीच घेतली. दाढी करू नका, हात लोंबता ठेवा, काही उचलायला सांगितलं की एकदा तरी खाली पाडा, बटण लावायला सांगितलं की बायकोकडे बघा. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि भाऊ गेल्यावर म्हणाले, "मी काय नाटक कंपनीत आहे?"

काजवालीने ओळखलं की या माणसाकडून सोंग व्हायचं नाही. मग तिने आपल्या परीने डोकं चालवलं. तपासणीला नवा शर्ट शिवला आणि त्याची काजं जाणूनबुजून घट्ट घेतली. बटण जाईल, पण धडधाकट माणसालासुद्धा जरा झगडावं लागेल, इतपत. म्हणजे खोटं बोलायला नको, सोंग आणायला नको; बटण लागणार नाही आणि डॉक्टर आपल्या डोळ्यांनी बघेल. आयुष्यभर काजं करताना कधी एक काज तिने वाईट केलं नव्हतं. ही मुद्दाम घट्ट घेतलेलीही तिने नेहमीसारखीच रेखीव केली, आणि तिथेच तिचं चुकलं.

तपासणीची खोली सरकारी होती. वजनकाटा, पडदा लावलेला पलंग, टेबलावर किल्ल्या, नाणी, लाकडी खुंट्या. डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, सर्दीने बेजार, पण बोलायला सभ्य. त्यांनी काजवालीलाही खुर्ची दिली. आधी यंत्र दाबून ताकद बघितली, मग खुंट्या भोकांत बसवायला सांगितल्या. मास्तरांनी सगळं नीट केलं. काहीही खाली पडलं नाही. काजवाली मनातल्या मनात भाऊंची माफी मागत बसली.

मग बाईंनी विचारलं, शर्टाची बटणं कोण लावतं? काजवालीने पटकन सांगितलं, मी लावते, रोज. ते अक्षरशः खरं होतं. बाई म्हणाल्या, आज यांना लावू द्या, मला बघायचंय.

मास्तरांनी उजव्या हाताने बटणं काढली. काढताना ते थांबले. घट्ट काज त्यांच्या ध्यानात आलं. काजवालीचं काज कितीचं असतं हे ज्याला माहीत नाही तो मास्तर कसला! त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि त्यांच्या मिशीचं एक टोक जरासं हललं. मग खाली मान घालून, नजर बटणावर रोखून, थोटक्या बोटाने कापड मागून रेटत आणि उजव्या अंगठ्याने बटण सारत त्यांनी एकेक बटण लावलं, वरपासून खालपर्यंत. गडबड नाही, धडपड नाही. ही पहिली खेप नव्हती, हे कुणीही सांगितलं असतं. शेवटचं बटण लावून ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "काजं नवीन आहेत, म्हणून जरा घट्ट वाटतात. पण काम बघा. एक टाका इकडचा तिकडे नाही."

काजवालीला फाटक दिसलं, पिशव्या दिसल्या, खुर्चीत मान घालून बसलेले मास्तर दिसले. आणि त्याखालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, ते जास्त बोचत होतं. यांना येतं. कधीपासून येतं? मग मी रोज सकाळी काय करत होते? ती नुसती चिडली नव्हती, तिला अपमान झाल्यासारखं वाटत होतं.

बाईंनी लिहून घेतलं, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "छान. आता डोळे मिटा."

मास्तरांनी डोळे मिटले. बाईंनी त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या नि थोटक्या बोटाच्या चिमटीत किल्ली दिली आणि विचारलं, काय आहे? मास्तर म्हणाले, नाणं. मग नाणं दिलं. मास्तर थोडं थांबून म्हणाले, हे आता तुम्ही मला फसवायला परत तेच दिलंत. पण त्यांचा आवाज हसरा नव्हता. अंगठ्यावर सुईचं टोक टेकलं, ते त्यांना कळलं नाही. टोक उचललं, तेही कळलं नाही. बाईंनी खणातून पट्टीचा तुकडा काढून दिला. मास्तरांनी तो दोनदा चोळला, अगदी बसमध्ये चोळायचे तसा, आणि म्हणाले, कापड आहे. कुठलं, असं बाईंनी विचारलं नव्हतं. तरी मास्तर तो तुकडा चोळतच राहिले.

काजवालीला आधी वाटलं की शेवटी एकदाची भाऊंची शिकवणी लागू पडली. मग तिने त्यांच्या कपाळाकडे बघितलं. तिथे घाम होता. उठावं की नाही, याचा विचार न करता ती उठली आणि आपली बाही त्यांच्या चिमटीत दिली. अंगातला निळा ड्रेस तिने खास आजच्यासाठी घातला होता. त्याचं कापड मास्तरांनी अख्खं दुकान पालथं घालून, दुकानदाराला घाम फोडून निवडलं होतं, आणि हे तू म्हातारी होईपर्यंत टिकेल, असं सांगितलं होतं.

मास्तरांनी बाही चोळली. एकदा, दोनदा. "हे पण पट्टीचंच ना?" त्यांनी विचारलं.

बाईंनी हळूच डोळे उघडायला सांगितलं. मास्तरांनी डोळे उघडले, चिमटीतली निळी बाही बघितली, मग तिच्याकडे बघितलं, आणि हात खिशात घातला. आता तिला कळलं की बसमध्ये तो हात खिशात का असायचा. लाज थोटक्या बोटाची नव्हतीच.

बाईंनी दोघांना समजेल असं सांगितलं. तुमच्या हाताला कामं करता येतात, ती तुम्ही डोळ्यांनी बघून करता. हाताला स्वतःला काही कळत नाही. पहिल्या डॉक्टरांनी फक्त काय तुटलं ते मोजलं, मी जे उरलंय त्यातलं मेलेलं किती तेही मोजते. बटणं लावलीत म्हणून मी काही कमी करणार नाही, आणि तुमच्याविषयी वाईट वाटतं म्हणून वाढवणारही नाही. मास्तर म्हणाले, बरोबर आहे. ते खुर्चीवरून उठले तेव्हा एकदम थकलेले दिसत होते.

बसथांब्यावर काजवालीने विचारलं, बटणं कधीपासून येतात? मास्तर म्हणाले, झाले काही महिने. तू बाजारात जायचीस तेव्हा सराव करत बसायचो.

"मग बोलला का नाहीत?"

"तू लावत होतीस ना."

आणि हाताला कळत नाही ते, तिने विचारलं. ते पट्टी सोडली त्या दिवसापासून, मास्तर म्हणाले, कळायला लागेल म्हणून वाट बघत होतो. बस आली. शेजारी जाड विणीचा कोट घातलेला एक म्हातारा बसला होता. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून काजवालीने बटणं लावणं सोडलं. शर्ट खुर्चीवर ठेवायचा आणि आपण मशीनवर जाऊन बसायचं. तिला राग आला होता, आणि तो नेमका कशाचा, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. फसवलं म्हणून होता, ते दुःख एकट्यानेच गिळलं म्हणून होता, आणि आपण बाही पुढे करून त्यांना त्या खुर्चीत उघडं पाडलं म्हणून स्वतःवरही होता. मास्तर आपली आपण बटणं लावायचे, ठाकठीक. घरात कुणी कुणाशी भांडत नव्हतं, पण सकाळ मोठी लांबायची.

काही आठवड्यांनी निकाल घेऊन भाऊच आले. सव्वीस टक्के. भत्ता मंजूर, फाटकाचं काम नाकारायची मुभा. काजवालीने डोळ्यांना पदर लावला नाही की काही नाही, सरळ खाली बसली. फाटक टळलं. मास्तरांना कुणाच्या डब्यात हात घालावा लागणार नव्हता. भाऊ खुशीत होते. त्यांनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "मानलं तुम्हाला. अहवालात वाचलं, डोळे मिटून काय अभिनय केलात! आमच्या ट्रेनिंगचा उपयोग झाला म्हणायचा."

मास्तर नुसतेच हसले. आयत्या मिळालेल्या कौतुकावर हा तिरसट माणूस असा गप्प बसला, हे काजवालीला सहन झालं नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "तो अभिनय नव्हता. त्यांना माझी बाही ओळखता आली नाही."

भाऊंचा चेहरा उतरला. ते उगाचच टोपी हातात घेऊन फिरवत राहिले, मग चहा न घेताच निघाले. मास्तर दारापर्यंत त्यांना सोडायला गेले आणि तिथेच बराच वेळ उभे राहिले. आत येऊन एवढंच म्हणाले की भाऊ माणूस चांगला आहे, त्याला असं तोडून बोलायला नको होतं. पण त्या बोलण्यात राग नव्हता. काजवालीला वाटलं, झालं ते बरं झालं. ती गोष्ट आता या घरात एकट्याच्या खिशात राहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मशीनवर बसली होती. मास्तर शर्ट घालून आले, तोच घट्ट काजांचा, आणि बटणं तशीच उघडी ठेवून तिच्यासमोर उभे राहिले. ती वर न बघता म्हणाली, येतात ना लावायला, सगळ्या सरकारला दाखवलीत की.

मास्तर हलले नाहीत. काजवालीने अखेर मान वर केली. नेहमी छताकडे लागलेली नजर आज छताकडे नव्हती. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"डोळे मिटून कुठे येतं?" ते म्हणाले.

काजवालीने सुई कापडात खोचली, उठली, आणि वरच्या बटणापासून सुरुवात केली. काजं खरंच फार घट्ट झाली होती, तिलाही वेळ लागत होता. अर्ध्यावर आली तेव्हा त्यांचा डावा हात खिशातून बाहेर आला आणि चाचपडत तिच्या बाहीपर्यंत पोचला. त्यांनी कड चिमटीत धरली. त्यांना काही कळत नव्हतं, हे तिला माहीत होतं, तिला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. तरी ते ती कड चोळत राहिले, आणि ती सावकाश, एकेक करून, खालपर्यंत बटणं लावत गेली.